शिसवी सोफ्याला खोळ शिवायचीय, पण लाकूड झाकायचं नाही

सुईदोरा (रविवार, दुपारी ३.४०)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. सांभाळून घ्या.

आम्ही कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतो. घरात सासऱ्यांच्या लग्नातला सोफासेट आहे. तिघांचा एक सोफा आणि दोन खुर्च्या. लाकूड शिसवी. हात नुसते लाकडाचे, पुढं येऊन खाली वळणारे, हाताखाली मोकळं. पाठीला चारी बाजूंनी लाकडी चौकट आणि वरच्या पट्टीवर कोरलेली वेल. बैठक स्प्रिंगची, पण तिच्यापुढंही तीन इंचांची लाकडी पट्टी दिसते. म्हणजे कापडापेक्षा लाकूडच जास्त म्हणा ना.

कापड मात्र कापड राहिलेलं नाही. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी वरून मरून रेक्झिन मारून घेतलं होतं, त्याची आता सालं निघतात. पाहुणा उठला की पाठीला मरून कोंडा घेऊनच जातो.

बाजारात तयार कव्हरं बघून आले. सगळी ताणून बसणारी, हातापायांसकट सोफा पोत्यात घातल्यासारखा दिसतो. एक आणून घातलं. आत्ती (सासूबाई) बाहेर आल्या, बघितलं आणि म्हणाल्या, "हे कुणाचं?" पन्नास वर्षं त्या हातांवरून फडकं फिरवलेली बाई. संध्याकाळी परत करून आले.

मी ब्लाउज, परकर, पंजाबी ड्रेस शिवते. पडदेही शिवलेत. मशीन पायाचं आहे. माझा प्रश्न एवढाच की कापड जिथं लाकडाला भिडतं तिथं ते धरून ठेवायचं कशानं? खिळा मारायचा नाही, धुवायला निघालं पाहिजे. गौरी यायच्या आत व्हायला हवं.

तांबडा_पांढरा (रविवार, दुपारी ३.५८)

सोलापुरी चादर टाका की वं ताई. विषय संपला.

सुईदोरा (रविवार, दुपारी ४.०५)

टाकून बघितली. आमचं धाकटं दोनदा बसून उठलं की चादर फरशीवर.

उंबरठ्याबाहेर (रविवार, संध्याकाळी ६.२०)

आमच्याकडे इथे पोर्टलंडला असंच जुनं लाकडाच्या हातांचं सेटी आहे. मी मागून गोंद असलेलं वेल्क्रो आणलं, एक पट्टी लाकडाच्या आतल्या कडेला चिकटवली, दुसरी कापडाला शिवली. अर्ध्या दिवसात काम झालं. मस्त बसतं.

काथ्याकूट (रविवार, रात्री ९.१५)

थांबा! ताई, ते वेल्क्रो लाकडाला लावू नका.

आधी ओळख सांगतो. वडलांचं लक्ष्मीपुरीत कुशनचं दुकान होतं. मी दहावीपर्यंत शाळेतून आलो की काथ्या पिंजायला बसायचो, नाव तिथूनच घेतलंय. आता धंदा वेगळा आहे, पण हात विसरत नाहीत.

जुन्या फर्निचरचं पॉलिश बहुतेक वेळा लाखेचं असतं. लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची आणि कापसाच्या बोळ्यानं थरावर थर चढवायचे. दिसायला आरसा, पण नाजूक. गरम कप ठेवला की पांढरा गोल उठतो तो ह्याच पॉलिशवर. गोंदाची पट्टी वर्षभरानं ओढलीत तर पॉलिश सोबत घेऊन निघेल आणि तिथं फिकट पट्टा राहील. त्यातून वेल्क्रोची काटेरी बाजू उघडी राहिली तर येता-जाता लाकूड खरवडणार ते वेगळंच.

तुमचं पॉलिश कुठलं हे बघायचं असेल तर खुर्चीच्या खालच्या, न दिसणाऱ्या जागी कापसाच्या बोळ्यावर थेंबभर स्पिरिट घेऊन टेकवा. जागा चिकट झाली आणि बोळ्यावर तपकिरी उतरलं, की लाख समजा.

आणि सालं निघणारं रेक्झिन आधी उतरवा. त्याच्यावर खोळ घालू नका. रेक्झिन मऊ राहावं म्हणून त्यात तेलकट द्रव्य घातलेलं असतं. ते वर्षानुवर्षं पाझरतं आणि जिथं लाकडाला टेकतं तिथलं पॉलिश चिकट होतं. हात लावून बघा, रेक्झिनच्या कडेचं लाकूड बोटाला चिकटतंय का. खोळ घसरू नये म्हणून रबराची जाळी अंथरतात, तिचाही तोच धोका. लाकडाला टेकू द्यायची नाही.

खिळ्यांचं तुम्ही म्हणालातच. आमच्या दुकानात त्या बारीक खिळ्यांना चुका म्हणायचे. वडील नव्या पोराला पहिल्या दिवशी सांगायचे, "जुन्या लाकडात एकदाच चुका करायच्या असतात." प्रत्येक वेळी नव्या चुका मारल्या की खाचेतलं लाकूड भुगा होतं, पुढच्या वेळी धरायला काहीच उरत नाही.

आता काम सांगतो. खुर्ची पालथी करा. तीन गोष्टी बघा. स्प्रिंगा सुतळीनं आठ दिशांनी बांधलेल्या आहेत का आणि कुठली सुतळी तुटलीय का. एक जरी सुटली असेल तर बैठक त्या बाजूला कलते, मग तुमचं कापड कितीही बेतशीर असू दे, सुरकुती पडणारच. दुसरं, पाठीच्या मागच्या बाजूला स्क्रू आहेत का. तिसरं, पॉलिश न लागलेल्या लाकडाचा रंग.

तांबडा_पांढरा (रविवार, रात्री ९.३१)

काथ्याकूट करायला आल्तो, हितं खराच काथ्या निघाला.

शब्दपिसाट (रविवार, रात्री १०.०२)

विषयांतराबद्दल क्षमस्व. "सोफा कव्हर" न म्हणता खोळ म्हटल्याबद्दल धागाकर्तीचं अभिनंदन. तरी एक शंका. खोळ गादीची, अभ्रा उशीचा. पण वस्तूच्या अंगाबरोबर बेतलेली, काढता-घालता येणारी ती गवसणी, जशी तंबोऱ्याची. तेव्हा ह्या सोफ्याला खरं तर गवसणी हवी. आभाळाला घालतोच आपण, सोफ्याला काय जड आहे?

मगजी (सोमवार, सकाळी ७.१०)

शब्दपिसाट, गवसणीला तोंड एकच असतं. इथं चार खांब मधे येतात. खोळच म्हणा.

सुईदोरा, मी राजारामपुरीत बरीच वर्षं शिवणक्लास घेतला. आता गुडघ्यांमुळे बंद केला. तुझ्या प्रश्नाचं उत्तर कपड्यांतच आहे, फर्निचरमध्ये शोधू नकोस. परकर कमरेवर कशानं राहतो? नेफ्यातल्या नाडीनं. झब्ब्याचा गळा डोक्यातून जावा म्हणून पुढं काय असतं? चीर, आणि चिरेला आतून पट्टी. एवढं येत असेल तर सोफा येतो.

बैठकीचं कापड एक सलग तुकडा. चारी कोपऱ्यांशी चार खांब येतात, पुढचे दोन हाताचे, मागचे दोन पाठीचे. प्रत्येक खांबापाशी कापडाच्या कडेपासून आत एक चीर द्यायची. सरळ खांबापर्यंत कापत जायचं नाही. अलीकडे इंचभर थांबायचं आणि तिथून खांबाच्या दोन्ही कोपऱ्यांकडे तिरके दोन छोटे काप, इंग्रजी वाय अक्षरासारखे. मधलं त्रिकोणी जीभळं खांबाच्या अंगाला लागून खाली दुमडतं. सरळ काप दिलास तर खांबाच्या दोन्ही अंगांना कापड फाटायला तयार बसलेलं असतं.

आता मुख्य गोष्ट. कापून मग शिवायचं नाही, शिवून मग कापायचं. चिरेच्या जागी सुलट बाजूवर पट्टीचा तुकडा ठेव, रेघेच्या दोन्ही बाजूंनी पाव इंचावर बारीक टीप मार, कोपऱ्यांशी वळव, आणि मग मधून काप. टिपेच्या अगदी जवळ जा पण टीप तोडू नकोस. पट्टी आत उलटव, इस्त्री कर, वरून एक टीप. झब्ब्याची चीर. काजाला मी मुलींना हेच सांगायचे, आधी दोरा मग कात्री.

पुढच्या कडेला, जिथं तुझी लाकडी पट्टी सुरू होते, तिथं नेफा. बैठक स्प्रिंगची आहे म्हणजे ती लाकडाच्या वर थोडी फुगलेली असणार. त्या फुगवट्याच्या खाली नेफा येईल असा बेत ठेव. नाडी पुढच्या दोन खांबांपाशी बाहेर काढ, बाजूनं मागं ने आणि मागच्या पायांना बांध. ओढलीस की कापड लाकडाच्या वरच्या काठावर येऊन थांबतं. लाकडावर काहीच चढत नाही. दोन्ही बाजूंची पाखं हाताखालच्या मोकळ्या जागेतून खाली सोडायची आणि बैठकीच्या पोटाखाली एकमेकींना नाड्यांनी बांधायची.

नेफ्याच्या वर मगजी, म्हणजे आत दोरी घातलेली बारीक पट्टी, घाल. हौस म्हणून नाही. मगजीची दोरी लाकडाच्या काठाला टेकते आणि फट झाकते. पट्टी उरेप, म्हणजे तिरकी काप, नाहीतर कोपऱ्यावर ती उभी राहील. आणि आतली सुती दोरी आधी गरम पाण्यातून काढ. कापड भिजवतात सगळे, दोरी विसरतात. मग पहिल्या धुण्यात दोरी आटते आणि कडेला सगळीकडे चुण्या.

सुईदोरा (सोमवार, सकाळी ११.२५)

मगजीताई, साष्टांग नमस्कार! मी आठ दिवस चिकटवायचं काय ह्याच विचारात होते. नाडी डोक्यातच आली नाही.

काथ्याकूटदादा, दुपारी खुर्ची पालथी करते.

सुईदोरा (सोमवार, रात्री ८.५०)

केली.

स्प्रिंगा शाबूत आहेत, एका खुर्चीत एकच सुतळी तुटलेली. पाठीमागं चार स्क्रू आहेत! चारी कोपऱ्यांना, पितळी डोक्याचे. ह्यांना बोलावून काढले तर पाठीची अख्खी फळी काथ्यासकट बाहेर आली. चौकट जागेवर, मधे भोक. आम्ही दोघं त्या भोकातून एकमेकांकडे बघत बसलो.

आणि तिसरं. खालचं लाकूड पिवळसर तपकिरी आहे.

काथ्याकूट (सोमवार, रात्री ९.१०)

मला वाटलंच होतं. शिसवीचा रंग जांभळट, गडद, आणि वजनाला दगड. तुमचं सागवान आहे, वरून शिसवी रंगाचं पॉलिश. आमच्याकडे येणाऱ्या दहा "शिसवी" सोफ्यांतले बरेच असेच निघायचे. कमीपणा काही नाही, सागवान उत्तम.

स्प्रिंगेची सुतळी आत्ताच बांधून घ्या, पंधरा मिनिटांचं काम.

पाठीचं ऐका. फळी निघते म्हटल्यावर तुमचं निम्मं दुखणं गेलं. उशीच्या अभ्र्यासारखी खोळ शिवा, मागं उघडी, नाड्यांनी बांधायची. फळीवर चढवा आणि परत बसवा. धुवायची तेव्हा चार स्क्रू. पण एक सांभाळा. फळी चौकटीत बेताचीच बसवलेली असते. जाड कापड घेतलंत आणि जुन्या कापडावरच घातलंत, तर ती जाणार नाही. मग माणसं ठोकून बसवतात. तसं केलं की पाचर मारल्यासारखं होऊन चौकटीचे सांधे उघडतात. जेवणाच्या खुर्च्यांच्या उचलून निघणाऱ्या बैठकींचं पण हेच होतं, कापडावर कापड चढवत जातात आणि एक दिवस पाय हलायला लागतात. जुनं रेक्झिन उतरवा, खाली फक्त पातळ मांजरपाट ठेवा. हाताच्या दाबानं फळी आत जायला पाहिजे.

सुईदोरा (सोमवार, रात्री ९.२२)

आत्तींना सागवानाचं सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.

झुणका_भाकर (मंगळवार, सकाळी १०.४०)

कापड किती लागेल आणि कुठलं घ्यावं? माझ्याकडेही असंच आहे, लाकडाचे हात, खाली मोकळं.

मगजी (मंगळवार, दुपारी १.३०)

आधी पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी विचारा. पडद्याचं, सोफ्याचं कापड बहुतेक ५४ इंच पन्ह्याचं मिळतं. ड्रेसचं ४४ घेतलंत तर सगळं गणित बदलतं.

एका खुर्चीची बैठक २२ बाय २१ धरा. दोन्ही बाजूंची पाखं सहा-सहा इंच, माया (शिवणीसाठी सोडलेलं कापड) इंच-इंच, म्हणजे रुंदी ३६. पुढं-मागं सहा-सहा आणि माया, म्हणजे लांबी ३५. पन्ह्यातून ३६ गेले की १८ इंचांची पट्टी उरते, तिच्यातून पाठीचा पुढचा भाग निघतो. पाठीची मागची बाजू भिंतीकडे असते, तिला मांजरपाट चालतो. म्हणजे खुर्चीला एक मीटर.

तिघांच्या सोफ्याची बैठक ६४ इंच. पाखं आणि माया धरून ७८. पन्ह्यात मावत नाही. बायका मधे जोड देतात आणि जोड नेमका मधल्या पाहुण्याखाली येतो. त्यापेक्षा कापड आडवं धरा, लांबी सोफ्याच्या रुंदीकडे. ७८ इंच म्हणजे दोन मीटर, जोड नाही. फक्त रेघांचं कापड असेल तर उभी रेघ आडवी होईल, आणि पान-फुलं असतील तर आडवी झोपतील. म्हणून पहिल्यांदा शिवताना एकरंगी घ्या. चार मीटर हिशेबाचे, दीड-दोन मीटर मगजीला, आटायला आणि चुकायला.

कापड सुती, ड्रिल किंवा तशाच विणीचं. इतकं जाड नको की मगजीच्या सांध्यावर आठ पदर होऊन सुई अडेल. सुई १६ नंबर, जाडच असेल तर १८. सांध्यावर पाय मारू नका, चाक हातानं फिरवा.

तांबडा_पांढरा (मंगळवार, दुपारी २.०५)

कापड कोल्हापुरात कशाला घेताय, इचलकरंजीला जावा. १९०४ पासून यंत्रमाग चालू हाईत तिथं, तुमच्या सोफ्यापुरतं दोन घंट्यात विणतील. जाताना मला पण घ्या, चहा माझ्याकडं.

सुईदोरा (मंगळवार, दुपारी ३.१५)

गांधीनगरात मिळालं. जाड सुती, मोरपंखी. मांजरपाटही घेतला.

उंबरठ्याबाहेर (मंगळवार, रात्री ११.३०)

काथ्याकूट, तुमचं वाचून एका कोपऱ्यातलं वेल्क्रो हळूच ओढून बघितलं. फिकट पट्टा. बाकीचं हात न लावता तसंच ठेवलंय.

मोरपंखी म्हणजे रंग जाणार. मिठाच्या पाण्यात रात्रभर भिजवा, रंग पक्का होतो.

मगजी (बुधवार, सकाळी ७.०५)

मिठानं काही पक्का होत नाही. गिरणीत एकदा चढलेला रंग घरच्या मिठानं धरला जात नाही. जो सुटा आहे तो धुऊन काढायचा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. मग पांढरं फडकं ओलं करून घासून बघायचं. फडक्याला रंग लागला तर लाकडालाही लागणार, त्यात आपला पावसाळा.

पंचगंगाकाठ (बुधवार, सकाळी ९.५०)

पावसाळ्यावरून लिहितो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी आमच्या घरात होतं. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, तेव्हा ५५ च्या वर गेली होती. आजीच्या दोन खुर्च्या माळ्यावर न्यायला वेळच मिळाला नाही. पाणी ओसरल्यावर ऊन पडलं तसा मी शहाणपणा केला आणि दोन्ही खुर्च्या गच्चीत उन्हात ठेवल्या. चार दिवसांत एकीचा हात सांध्यातून उघडला आणि पाठीच्या पट्टीला उभी चीर गेली. दुसरी शेजाऱ्यांनी ओरडून सावलीत आणायला लावली, ती महिनाभर खोलीत वाऱ्यावर वाळली, ती आजही आहे. लाकूड बाहेरून झटकन सुकतं आणि आत ओलं राहतं, त्या ओढाताणीत फाटतं.

त्या वाचलेल्या खुर्चीवर मग छान कव्हर घातलं, घाणेरडं दिसत होतं म्हणून. २०२१ च्या जुलैत परत धावपळ झाली तेव्हा कव्हर काढलं, तर आत काथ्याला पांढरी बुरशी. पुराचं पाणी तेव्हा अजून पोचलंही नव्हतं. दोन वर्षांत एकदाही मी कव्हर काढून वारा दिला नव्हता, एवढंच. ताई, जून ते सप्टेंबर पंधरा दिवसांतून एकदा नाड्या सोडा, बैठक पंख्याखाली उघडी ठेवा. आणि डागांपासून बचाव म्हणून कापडाखाली प्लास्टिक घालायला कोणी सांगेल, तर ऐकू नका.

सुईदोरा (बुधवार, सकाळी १०.१५)

वाचून कसंसंच झालं. आधी काढलेल्या रेक्झिनखालचा काथ्या हुंगून आले. ठीक आहे.

सुईदोरा (शनिवार, रात्री ११.४०)

रडू येतंय.

मांजरपाटाचा बेत (कापायचा नमुना) खुर्चीवर टाचला. कुठंतरी वाचलं होतं की उलटी बाजू वर ठेवून टाचायचं, म्हणजे शिवणी थेट खुणेवर मारता येतात. तसंच केलं. मांजरपाट छान बसला. तोच मोरपंखीवर ठेवला, मोरपंखीचीही उलटी बाजू वर. खुणा केल्या, चिरांना पट्ट्या लावल्या, टिपा मारल्या, कापलं, उलटवलं. मगजीसकट. सुलट करून खुर्चीवर घातलं तर डाव्या हाताची चीर खांबाच्या आत आणि उजव्या हाताची बाहेर. पाऊण इंच! टेप घेऊन खुर्ची मोजली. डावा खांब कोपऱ्यापासून सव्वादोन इंचांवर, उजवा तीन. इतकी वर्षं बसतोय, कुणालाही माहीत नाही की खुर्ची तिरकी आहे.

मगजी (रविवार, सकाळी ६.४५)

रडू नकोस. हातानं केलेली खुर्ची आहे, सुतारानं डोळ्यानं खांब रोवलेत. अशी एकही जुनी खुर्ची मी बघितली नाही जिचे दोन्ही अंग सारखे आहेत.

उलटं टाचायची युक्ती दोन्ही अंग सारखं असलेल्या वस्तूला चालते. तिरक्या वस्तूला उलटं टाचलंस की सुलट करताना डावं उजवीकडे जातं. आता असं कर. बेत खुर्चीवर सुलटा टाच, आणि वर पेनानं मोठ्ठं लिही, "वर", "डावा", "उजवा", "पुढं". मग कापडही सुलट बाजू वर ठेवून, बेत जसा खुर्चीवर होता तसाच त्यावर ठेवून काप. दुसऱ्या खुर्चीला हा बेत वापरू नकोस. तिचा वेगळा.

वाया गेलेलं वाया नाही. चुकीच्या दोन्ही चिरा खांबाच्या दिशेनं वाढव, आणि मूळ चिरेच्या जागी आतून त्याच कापडाचा हातभर तुकडा लाव. हात वर असतात, ती जागा सावलीत येते. आत्ती वाकून बघणार नाहीत.

तांबडा_पांढरा (रविवार, सकाळी ८.३०)

आत्ती बघणारच. पैज लावतो.

काथ्याकूट (रविवार, सकाळी १०.००)

नाड्यांबद्दल एक राहिलं. पायांना बांधताना चेन, लोखंडी कडी, हुक काही वापरू नका. धातू पॉलिशवर घासतो. सुती नाडीच बरी, गाठ पायाच्या मागच्या अंगाला. पाठीच्या खोळीलाही टिचबटणं लावायचा मोह होईल, फळी चौकटीत बसताना तीच बटणं लाकडात रुततात.

सुईदोरा (पुढचा गुरुवार, संध्याकाळी ७.२०)

झालं!

तिन्ही नग पूर्ण. दोन खुर्च्यांचे दोन वेगळे बेत, सोफ्याचा तिसरा. तिघांच्या सोफ्याला जोड नाही, कापड आडवं धरलं. पाठीच्या फळ्या हाताच्या दाबानं आत गेल्या, एक थोडी अडली तर आतल्या मांजरपाटाची माया कमी केली. नेफ्याची नाडी ओढली तेव्हा मोरपंखी कड सरकत येऊन लाकडाच्या काठावर बरोबर थांबली. मी ती दोनदा सोडून दोनदा ओढली, नुसती बघायला.

पहिल्या खुर्चीचं ठिगळ लावलंय. आत्ती आल्या, आधी हातावरून हात फिरवला, मग बसल्या. मग वाकल्या आणि थेट ठिगळावर बोट ठेवलं. तांबडा_पांढरा, जिंकलात.

पण मला म्हणाल्या, "असू दे. तुझ्या सासऱ्यांनी सागवानाला शिसवी म्हणून पन्नास वर्षं खपवलं, हे एवढंसं ठिगळ कोण बघतंय?"

त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. पॉलिशवाल्याला पैसे त्यांनीच दिले होते म्हणे.

आता एक नवीन काम निघालंय. मोरपंखीवर कोरीव वेल इतकी उठून दिसते की तिच्या खाचांतली धूळही दिसायला लागली. कोरडा दात घासायचा ब्रश घेऊन बसलेय.

शब्दपिसाट (गुरुवार, रात्री ८.०५)

"ठिगळ" हा शब्द योग्य जागी वापरल्याबद्दल पुन्हा अभिनंदन.

तांबडा_पांढरा (गुरुवार, रात्री ९.४५)

ताई, तुमचं वाचून जोश आला. आमच्या आज्ज्याची खुर्ची पालथी केली. पाठीला चार न्हाईत, सहा स्क्रू निघाले. पाच काढले. सहावा फिरतच न्हाई, डोकं चेपायला लागलंय. ड्रिल मशीन लावू का?

काथ्याकूट (गुरुवार, रात्री ९.५२)

मशीन ठेवा खाली. खाचेत जुनं पॉलिश साचलंय, ते आधी सुईनं खरवडून काढा. खाचेत गच्च बसेल असाच स्क्रू ड्रायव्हर घ्या, लहान नको. सोडवायच्या आधी एक कणभर घट्टच करा, म्हणजे धरलेला गंज मोडतो. मग उलटा. आणि खुर्ची पायांमधे धरून नव्हे, गादीवर आडवी ठेवून.

तांबडा_पांढरा (गुरुवार, रात्री १०.२०)

निघाला. आतनं उंदरानं कुरतडलेला काथ्या आणि एक जुनं चार आण्याचं नाणं. फोटो उद्या टाकतो.